बालकल्याण समितीसाठी सामाजिक तपासणी अहवाल कसा तयार करावा : नाशिक जिल्ह्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन बालसंरक्षणाच्या कामात रुजू झालेल्यांच्या हाती लवकरच बालकल्याण समितीचा, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीचा, एक आदेश पडतो : अमुक प्रकरणातील बालकाची सामाजिक तपासणी करून अहवाल सादर करावा. गृहभेट, मुलाखत, व्यक्तिसहाय्य हे सारे महाविद्यालयात शिकवलेले असते. पण सुरगाण्याच्या पाड्यावरचे घर कसे शोधायचे, दाराला कुलूप दिसले तर काय समजायचे, शेजाऱ्यांशी किती बोलायचे आणि छापील नमुन्यातल्या रकान्यांत नेमके काय लिहायचे, हे कोणी बसवून सांगत नाही. जिल्ह्यात या कामात काही वर्षे काढल्यानंतर नव्या सहकाऱ्यांना मी जे पुन्हा पुन्हा सांगत आले आहे, ते येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

या अहवालाचे वजन आधी ध्यानात घ्यावे. समितीचे सदस्य मुलाला थोडाच वेळ पाहतात. त्याचे घर कसे आहे, शाळा किती लांब आहे, रात्री ते कोणाशेजारी झोपते, हे त्यांच्यापर्यंत पोहोचते ते बहुतांशी तुमच्या लिखाणातून. मूल आईवडिलांकडे जाणार, मामाकडे जाणार की बालगृहात राहणार, याचा निर्णय त्या कागदांच्या आधाराने होतो आणि पुढे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत प्रत्येक नवा अधिकारी तीच फाईल उघडून वाचतो. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : तुम्ही जे पाहिले, जे ऐकले आणि तुम्हाला जे वाटले, ते अहवालात एकमेकांत मिसळू देऊ नका. पुढच्या सगळ्या सूचना याच आग्रहातून आलेल्या आहेत.

१. कायद्याची चौकट आणि मुदती

आपले काम बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खाली चालते. महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१८ चे आहेत. संपूर्ण कायदा वाचायला हवाच. पण पहिल्या आठवड्यात कलम २(१४), ३१, ३६, ३७, ७४ आणि ९४ एवढी कलमे तरी नीट वाचून काढावीत.

काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत समितीसमोर हजर करावे लागते. समितीची बैठक चालू नसेल, तर एका सदस्यासमोर हजर करूनही मुलाला तात्पुरते सुरक्षित ठिकाणी ठेवता येते. अंतिम निर्णयाच्या वेळी मात्र किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळे तिचा आदेश हा न्यायिक आदेश आहे हे विसरू नये. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते, कारण मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

येथे पहिला सापळा आहे. पंधरा दिवस पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात दोन रविवार, एखादा सण आणि तालुक्याच्या गावापासून पाड्यापर्यंतचे अंतर धरले, तर हाती फार थोडे दिवस उरतात. आदेश मिळाल्या दिवशीच मुलाशी बोलावे आणि त्याच आठवड्यात गृहभेट ठरवावी. काही कारणाने मुदतीत काम होणार नसेल, तर गप्प न राहता तोपर्यंत झालेल्या कामाचा अंतरिम अहवाल आणि उशिराचे लेखी कारण समितीसमोर ठेवावे.

२. निघण्यापूर्वी जवळ काय असावे

आदेशाची प्रत आणि स्वतःचे ओळखपत्र नसताना कोणाच्याही दारात उभे राहू नये. याशिवाय पुढील गोष्टी पिशवीत असाव्यात :

– जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे किंवा संस्थेचे अधिकारपत्र. शाळा, रुग्णालय आणि पोलीस ठाणे येथे ते विचारले जाते.
– सामाजिक तपासणी अहवालाचा कोरा नमुना. केंद्राच्या आदर्श नियमांत तो नमुना २२ आहे. त्याचे रकाने घरच्यांसमोर भरत बसू नयेत; निघण्यापूर्वी वाचून डोक्यात ठेवावेत.
– साधी वही आणि पेन. घरात मोबाइलवर टिपणे घेतली की लोकांना आपले बोलणे ध्वनिमुद्रित होत असल्याचा संशय येतो.
– बालसंगोपन योजनेच्या (मुलाच्या सांभाळासाठी कुटुंबाला दरमहा मदत देणाऱ्या योजनेच्या) अर्जाचे कोरे नमुने. पात्र कुटुंब भेटले तर अर्जासाठी त्यांना नाशिकला वेगळा हेलपाटा पडू नये.
– पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा. पाहुणचार नाकारताना मन दुखावू नये, पण ज्या घराची तपासणी करायची तेथे जेवायलाही बसू नये. चहा घ्यावा.

कुटुंबाकडून पाहायची कागदपत्रे अशी : मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, लसीकरणाचे कार्ड, शिधापत्रिका, आईवडिलांची ओळखपत्रे, पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला, असल्यास जातीचा दाखला आणि आजारपणाचे कागद. मूळ कागद कधीही ताब्यात घेऊ नयेत. पाहून नोंद करावी आणि प्रत तालुक्याच्या ठिकाणी काढून मागावी. ज्या आजीने शाळेचा दाखला पिठाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपला आहे, तिच्याकडून तो मागून नेणे म्हणजे तिच्या नातवाचा एकमेव पुरावा काढून नेणे होय.

३. मुलाशी पहिले बोलणे

घरी जाण्याआधी मुलाशी बोलायचे असते. घरच्यांची बाजू आधी ऐकली की मुलाच्या बोलण्याकडे आपण त्याच नजरेने पाहू लागतो. बालगृहातला किंवा निरीक्षणगृहातला एखादा शांत कोपरा निवडावा. अधीक्षकांच्या टेबलासमोर मूल बोलत नाही. खुर्चीपेक्षा सतरंजी बरी. आपण कोण आहोत, आपण काय लिहिणार आहोत आणि ते कोण वाचणार आहे, हे मुलाला त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत सांगावे. ‘तुला मी घरी पाठवीन’ असे वचन मात्र देऊ नये. तो निर्णय आपला नसतो, आणि मोडलेले वचन मूल पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या खात्यावर मांडते.

नाशिकरोड, मनमाड किंवा इगतपुरी स्थानकावर सापडलेली लहान मुले पुष्कळदा गावाचे नाव सांगू शकत नाहीत, किंवा पाड्याचे असे नाव सांगतात जे कोणत्याही यादीत मिळत नाही. अशा वेळी ‘तुझा पत्ता काय’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारावे. बाजाराला चालत जाता की जीपने, वाटेत घाट लागतो का, नदी ओलांडावी लागते का, शाळेत खिचडी कोण शिजवते, बाईंचे नाव काय, गावात बोहाडा होतो का, डोंगऱ्या देव बसवतात का, घरी भात खातात की नागलीची भाकर, एसटी मुक्कामी राहते की सकाळी येऊन परत जाते, असे विचारत गेले की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण यांपैकी कोणता टापू आहे याचा अंदाज येतो. त्या तालुक्यातल्या एखाद्या अनुभवी अंगणवाडी पर्यवेक्षिकेला किंवा शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना बाजाराचा वार आणि शाळेचे वर्णन सांगितले, तर त्या बहुधा दोन-तीन गावांपर्यंत आणून ठेवतात. मूल कधीकाळी शाळेत गेले असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत ‘सरल’ या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन प्रणालीतील नोंद शोधता येते. नाव आणि वडिलांचे नाव थोडे बदलून पाहावे, कारण नोंदींत लेखनाचे फरक असतात.

भाषेचा प्रश्न दुर्लक्षू नये. कोकणा, वारली, भिल्ल किंवा कातकरी घरातल्या लहान मुलाला आपली पुस्तकी मराठी अवघड जाते आणि ते मान डोलावते. ती मान डोलावणे होकार समजून लिहिले गेले तर अहवालच चुकतो. मालेगावच्या मुलाशी उर्दूत, बागलाणच्या मुलाशी अहिराणीत बोलणारी व्यक्ती सोबत असावी. दुभाषा म्हणून नातेवाईक किंवा मुलाला आणणारी व्यक्ती कधीही घेऊ नये.

बोलताना लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला, तर तेथेच सावध व्हावे. मूल सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे आणि त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. तपशील खोदून विचारू नयेत. पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे ही माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि न देणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून पाहू’ हा विचार येथे चालत नाही. पीडित मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती निवडेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यायचा असतो, आणि तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते. हे होत नसेल तर तेथेच आवाज उठवावा. तपास आणि खटल्याच्या काळात मुलीला साथ देणारी सहायक व्यक्ती नेमण्याची विनंती समितीकडे त्याच दिवशी करावी. त्या मुलीला तीच हकीकत पाच ठिकाणी सांगावी लागू नये, ही आपली जबाबदारी आहे.

४. घर शोधणे आणि भेटीची वेळ

दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर गेलात, तर कित्येक दारांना कुलूप दिसेल किंवा अंगणात फक्त म्हातारी माणसे भेटतील. धडधाकट माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला गेलेली असतात आणि शेतमळ्यातल्या खोपीत राहतात. पावसाळ्यात भात-नागलीच्या आवणीला ती परत येतात. अशा घराला एकदा भेट देऊन ‘पालक आढळून आले नाहीत, बालकाविषयी अनास्था दिसते’ असे लिहिणे हा माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा अन्याय आहे. पाड्यावर राहिलेल्यांना विचारावे की ते कोणत्या गावाला, कोणत्या मुकादमाबरोबर गेले. बहुतेकांकडे एखादा फोन नंबर असतोच. मग भेट बागेवर घ्यावी, संध्याकाळी काम सुटल्यावर. मजुरी बुडवून त्यांना नाशिकला बोलावणे टाळावे.

मालेगावात यंत्रमागावर काम करणारी कुटुंबे पाळीप्रमाणे जागी-झोपलेली असतात, तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत भाड्याच्या खोल्यांत राहणारी परप्रांतीय कुटुंबे वर्षात दोनदा खोली बदलतात. येथे घरमालक आणि किराणा दुकानदार यांना पत्ता ठाऊक असतो. परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील मूल असेल, तर स्वतः धावपळ न करता समितीमार्फत त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे तपासणीची मागणी करावी. मुलीला तिच्या जिल्ह्यात पाठवताना सोबत महिला पोलीस असावी, अशी कायद्याची तरतूद आहे.

मुलाला कामावर ठेवल्याचे कळले, तर ती नोंद केवळ ‘शाळाबाह्य’ अशी करून पुढे जाऊ नये. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांना थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ती मुले बराच काळ घरी नव्हती. कातकरी वस्तीवर गेलात तर घरातल्या प्रत्येक मुलाची नावानिशी चौकशी करा आणि ‘पाहुण्यांकडे गेला आहे’ या उत्तरावर थांबू नका. कोणत्या गावी, कोणाकडे, कधीपासून आणि घरच्यांनी उचल (कामापोटी आगाऊ रक्कम) घेतली आहे का, हे विचारा. उचलीच्या बदल्यात मूल राबत असेल, तर तो १९७६ च्या वेठबिगार प्रतिबंधक कायद्याचाही विषय होतो आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मुक्ततेचा दाखला मिळवावा लागतो. तो नसेल तर पुनर्वसनाची मदत अडून राहते.

५. घरात गेल्यानंतर

गाडी थेट दारासमोर उभी करू नका. सरकारी फलक लावलेली गाडी दारात आली की त्या घराची चर्चा महिनाभर चालते. आपण महिला व बाल विकास विभागाकडून मुलांच्या योजनांच्या कामासाठी आलो आहोत, एवढे वस्तीत सांगितले तर पुरते आणि ते खोटेही नसते. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असा कोणताही मजकूर वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, ज्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटात ‘आजची गृहभेट’ म्हणून मुलासोबतचे छायाचित्र टाकणे ही सवय अनेक ठिकाणी दिसते. ती पहिल्या दिवसापासून लावूनच घेऊ नका.

घरात बसल्यावर लगेच प्रश्न सुरू करू नयेत. पीकपाणी, पाऊस, मुलांची शाळा असे बोलणे चालू असताना डोळे उघडे ठेवावेत. मुलाची झोपायची जागा कोठे आहे, घराला आतून कडी आहे का, पाणी कोठून आणतात, चूल पेटलेली आहे का, भावंडांचे कपडे आणि अंगकाठी कशी आहे, दप्तर भिंतीला टांगलेले आहे का, हे पाहून ठेवावे. गरिबी आणि हेळसांड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मातीची जमीन, एकच खोली, फाटकी गोधडी यांतून काहीच सिद्ध होत नाही. त्या एका खोलीत मुलाच्या वह्या कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या असतील, तर त्या मात्र पुष्कळ काही सांगतात.

आईशी, वडिलांशी आणि आजीआजोबांशी वेगवेगळे बोलण्याची संधी काढावी. ‘पाणी कोठून भरता ते दाखवता का’ असे म्हणून आईबरोबर विहिरीपर्यंत चालत गेलात, तर नवऱ्यासमोर न बोललेल्या गोष्टी ती वाटेत बोलते. सावत्र नाते, दारू, कर्ज, मुलीच्या लग्नाची बोलणी हे विषय अशाच वाटेवर निघतात. सोयरीक ठरल्याचे कळले आणि मुलगी अठराच्या आत असेल, तर गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना लेखी कळवावे, आणि लग्न दोन-चार दिवसांवर असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करून त्याच वेळी समितीलाही कळवावे.

६. शाळा, आरोग्य आणि वयाची पडताळणी

घरच्यांनी सांगितलेले एका तरी त्रयस्थ व्यक्तीकडून पडताळून घ्यावे. वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पोलीस पाटील हे चार दरवाजे सहसा उघडे असतात. पोलीस पाटील किंवा सरपंच त्या कुटुंबाचे भाऊबंद अथवा विरोधी गटाचे असू शकतात, म्हणून त्यांचे म्हणणे एकट्याने पुरेसे मानू नये. शाळेत हजेरीपट मागून पाहावा. मूल कोणत्या महिन्यापासून गैरहजर आहे हे कळले की घरात काय घडले याचा काळ बरोबर सापडतो.

वय ठरवताना कलम ९४ चा क्रम पाळावा : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी. आधारकार्डाचा या क्रमात समावेश नाही. आपल्याकडे असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून अशी लावलेली असते. ती दिसल्यास दाखला तर जोडावाच, पण लसीकरणाचे कार्ड, आरोग्य उपकेंद्रातील प्रसूतीची नोंद किंवा मोठ्या भावंडाचे वय यांवरून मिळालेली माहितीही लिहावी. सतरा की अठरा या एका वर्षाच्या फरकावर संपूर्ण प्रकरणाची दिशा अवलंबून असते.

७. अहवाल लिहिणे

परत आल्या दिवशीच कच्चे टिपण पूर्ण करावे. दुसऱ्या दिवशी दोन घरे एकमेकांत मिसळतात.

नव्या सहकाऱ्यांचे जे मसुदे माझ्याकडे येतात, त्यांत पुष्कळदा असे वाक्य असते : ‘घरची परिस्थिती हलाखीची असून आई निष्काळजी आहे व घरातील वातावरण बालकास पोषक नाही.’ या वाक्यातून समितीला काहीही कळत नाही. कळते ते फक्त लिहिणाऱ्याचे मत. हीच भेट अशी लिहिता येते : ‘दुपारी एक वाजता घरी पोहोचले तेव्हा आई कामावर होती. आठ वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दारात बसली होती. सकाळपासून आपण भावाला सांभाळत असल्याचे तिने सांगितले. चुलीवर झाकलेला भात होता. आई साडेपाचला परतली. मजुरी बुडाली तर खाडा लागतो, धाकट्याला ठेवायला जागा नाही, असे तिने सांगितले. अंगणवाडी पाड्यापासून सुमारे दीड किलोमीटरवर आहे. मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळेत येते, असे वर्गशिक्षिका म्हणाल्या व हजेरीपटावरून ते खरे आढळले. माझ्या मते मुलीच्या गैरहजेरीचे मुख्य कारण धाकट्या भावाच्या सांभाळाची सोय नसणे हे आहे.’ आता समिती मुलीला आईपासून तोडण्याचा विचार करणार नाही. ती विचारेल की त्या धाकट्याची सोय कशी लावता येईल.

प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली हे लिहावे. मुलाचे म्हणणे शक्य तेवढे त्याच्याच शब्दांत अवतरणात द्यावे; ‘बालकाने घरी जाण्यास अनुत्सुकता दर्शविली’ यापेक्षा ‘बाबा दारू पिऊन आले की मी मावशीकडं पळतो, मला मावशीकडं ठेवा’ हे कितीतरी अधिक उपयोगी आहे, कारण त्यात मावशी आहे. ‘व्यसनी’, ‘चारित्र्यहीन’, ‘पळपुटा’, ‘चोरटा’ असले शब्द अहवालात येऊ देऊ नयेत. जे कळले नाही तो रकाना कोरा न ठेवता ‘माहिती मिळू शकली नाही’ असे लिहावे आणि कारण द्यावे. जुन्या अहवालातून परिच्छेद उचलून नाव बदलण्याचा मोह टाळावा. एका मुलाच्या अहवालात दुसऱ्याच्या वडिलांचा आजार शिरल्याची उदाहरणे घडतात आणि ती चूक वर्षानुवर्षे फाईलमध्ये राहते.

८. शिफारस करताना

मूल स्वतःच्या कुटुंबात वाढावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे कायद्याच्या कलम ३ मधील तत्त्व आहे. म्हणून शिफारशीच्या रकान्यात थेट ‘बालगृहात प्रवेश द्यावा’ असे लिहिण्यापूर्वी पुढच्या पायऱ्या तपासून पाहिल्याचे अहवालात दिसले पाहिजे.

अडचण पैशांची असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेली, अनाथ, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली अशी अनेक मुले तिच्यात बसतात आणि २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्वाचे (मूल घरीच वाढावे म्हणून कुटुंबाला दिल्या जाणाऱ्या मदतीचे) दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. दोन्हींपैकी कुटुंबाला कोणती लागू होते ते आपणच तपासून लिहावे. अर्धवट माहिती देऊन त्या बाईला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवू नये. पैसे यायला वेळ लागतो, हेही तिला आधीच स्पष्ट सांगावे.

अडचण शिक्षणाची आणि राहण्याची असेल आणि कुटुंब आदिवासी असेल, तर शासकीय आश्रमशाळेचा विचार आधी करावा. पेठ, त्र्यंबकेश्वरसाठी नाशिकचे आणि सुरगाणा, कळवणसाठी कळवणचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळेतले मूल सुट्टीत घरी जाते आणि त्याचे नाते तुटत नाही. आईवडील सांभाळू शकत नसतील, तर मामा, मावशी, आजी यांची स्वतंत्र गृहभेट घेऊन त्यांना योग्य व्यक्ती म्हणून ताबा देण्याची शिफारस करता येते. नातेवाईक दयेपोटी तयार झाले आहेत की घरकामाला हक्काचे माणूस मिळेल म्हणून, हे त्यांच्या घरातल्या मुलांशी बोलून कळते.

घरातच अत्याचार होत असेल, पालक मुलाला विकण्याच्या किंवा लग्न लावून देण्याच्या बेतात असतील, किंवा शोध घेऊनही कोणी सापडत नसेल, तर मात्र बालगृहाची शिफारस निःसंकोच करावी. तेथे भीड धरणे मुलाच्या जिवावर बेतते. सहा वर्षांखालील अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी समितीकडे सुपूर्द केलेले बालक शक्यतो विशेष दत्तक संस्थेत ठेवले जाते. दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याचा निर्णय समितीचा असतो, त्याच्या मुदती वेगळ्या आहेत. ‘हे बाळ मला द्या, मी सांभाळतो’ असे म्हणत कोणी ओळखीचे गृहस्थ आले, तर त्यांना दत्तकाच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगावे, बाळ दाखवू नये.

९. समितीसमोर आणि त्यानंतर

अहवालाची स्वाक्षरी केलेली प्रत सादर करून आवक क्रमांक घ्यावा. सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. सदस्य विचारतात ते बहुधा साधेच असते : तुम्ही स्वतः गेलात का, मुलीशी एकटीशी बोललात का, मावशीच्या घरात किती माणसे आहेत. पाहिले असेल तर सांगावे. पाहिले नसेल तर ‘पाहिले नाही’ म्हणावे. मुलाला आदेश काय झाला ते बाहेर आल्यावर लगेच समजावून सांगावे. कागदावर अंगठा घेतलेल्या आजीलाही हमीपत्रात काय लिहिले आहे ते तिच्या भाषेत वाचून दाखवावे, विशेषतः पुढच्या तारखेला मुलाला घेऊन यायचे आहे ही अट.

मूल घरी गेले की फाईल बंद झाली, असे समजले जाते आणि तेथेच पुष्कळ मुले पुन्हा स्थानकावर येतात. पहिली पाठपुराव्याची भेट पहिल्या महिन्यातच घ्यावी आणि ती शाळेत घ्यावी, घरी नंतर. मूल वर्गात बसलेले दिसले तर निम्मी चौकशी झालेली असते. द्राक्षांच्या हंगामात कुटुंब खाली उतरणार असेल, तर मूल पाड्यावर आजीजवळ राहणार की बागेवर जाणार, हे दिवाळीपूर्वीच विचारून ठेवावे. बागेवर जाणार असेल तर जवळच्या शाळेत त्याला बसू देण्याविषयी केंद्रप्रमुखांशी बोलावे. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी आता जवळ येत आहे आणि पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर परिसरात हरवलेल्या मुलांची संख्या वाढणार हे उघड आहे. ज्यांची ड्यूटी तेथे लागेल त्यांनी परराज्यांतील भाषा बोलणाऱ्या स्वयंसेवकांची यादी आतापासून करून ठेवावी.

या कामात कंत्राटी नेमणुका असतात आणि माणसे बदलतात. आपली बदली झाली किंवा मुदत संपली, तर फाईलच्या शेवटच्या पानावर हाताने लिहून ठेवावे : पाड्यावर जायची मुक्कामी एसटी किती वाजता सुटते, कोणत्या शेजारणीकडे फोन लागतो, हंगामात कुटुंब कोणत्या गावच्या बागेवर असते, आणि ते मूल कोणाशी मोकळेपणाने बोलते. नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ते घर सापडले पाहिजे.